शुद्धिस्थानाची शिकवण प्रोटेस्टंट मित्रापुढे कशी मांडावी

शुद्धिस्थानाचा, म्हणजे तारण झालेल्यांच्या मरणानंतरच्या शुद्धीकरणाचा, विषय निघाला की कॅथलिक माणूस बहुतेक वेळा मृतांसाठीच्या अर्पणाची गोष्ट सांगणारे मक्काबींचे दुसरे पुस्तक उघडतो. समोरचा म्हणतो, "हे पुस्तक आमच्या बायबलमध्ये नाही." मग तासभर बायबलमध्ये पुस्तके किती यावरच वाद होतो आणि शुद्धिस्थान बाजूला पडते. पुरावा खोटा नसतो, क्रम चुकलेला असतो. आपल्याला नेमके किती सिद्ध करायचे आहे हे आधी ठरवावे, मग दोघांनाही मान्य असलेल्या गोष्टीपासून निघावे. मक्काबींना हात लावायचा तो शेवटी.

आधी ओझे हलके करा

ख्रिस्तसभेने श्रद्धेचा भाग म्हणून जे जाहीर केले आहे ते फार थोडे आहे. फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने १४३९ मध्ये म्हटले की जे खरा पश्चात्ताप करून देवाच्या प्रीतीत मरण पावले, पण ज्यांचे प्रायश्चित्त पुरे झाले नव्हते, त्यांचे आत्मे मरणानंतर शुद्ध केले जातात. ट्रेंटच्या परिषदेने डिसेंबर १५६३ मध्ये दोन गोष्टी सांगितल्या: असे शुद्धीकरण आहे, आणि त्यातील आत्म्यांना विश्वासणाऱ्यांच्या प्रार्थनांचा, विशेषतः मिस्साबलिदानाचा (वेदीवरच्या मुख्य उपासनेचा), उपयोग होतो. अग्नी कसला, काळ किती, जागा कुठली, यांबद्दल या व्याख्यांत काहीही नाही. फ्लॉरेन्सला ग्रीक बिशपांनी अग्नीच्या कल्पनेला हरकत घेतली होती आणि व्याख्येत तो शब्द आलाच नाही. कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथातले १०३० ते १०३२ हे तीन परिच्छेद चर्चेला बसण्यापूर्वी वाचा. पाच मिनिटे लागतात, आणि पुढची निम्मी भांडणे तिथेच टळतात.

मराठीत एक वेगळी अडचण आहे. ‘शुद्धिस्थान’ या शब्दातच ‘स्थान’ आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे स्वर्ग आणि नरक यांच्यामधली तिसरी वस्ती उभी राहते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ४ ऑगस्ट १९९९ च्या प्रवचनात स्पष्ट सांगितले की हा शब्द जागा दाखवत नाही, अवस्था दाखवतो. म्हणून बोलताना शक्य तिथे ‘शेवटचे शुद्धीकरण’ म्हणा. आणि तीन गोष्टी सुरुवातीलाच नाकारा. शुद्धिस्थान म्हणजे मेल्यावर मिळणारी दुसरी संधी नव्हे. तिथे असलेल्या प्रत्येकाचे तारण निश्चित झालेले आहे. तो कायमचा तिसरा मुक्कामही नव्हे. तिथून वाट फक्त स्वर्गाकडे जाते. आणि तो छोटा नरक तर मुळीच नव्हे. नरकातल्या शिक्षेपेक्षा हे पूर्णपणे वेगळे आहे, असे १०३१ वा परिच्छेद म्हणतो.

जुन्या चित्रांतल्या ज्वाळा, कुणाला झालेली दर्शने, जुन्या प्रार्थनापुस्तकांत छापलेले ‘३०० दिवस’ यांपैकी कशाचीही वकिली करू नका. ते ३०० दिवस शुद्धिस्थानातले कधीच नव्हते. प्राचीन चर्च पाप्याला जाहीर प्रायश्चित्ताची मुदत ठरवून देत असे, तेवढ्या दिवसांच्या प्रायश्चित्ताइतकी दंडमाफी (क्षमा झालेल्या पापाच्या उरलेल्या दंडातून चर्चने दिलेली सूट) असा त्याचा अर्थ होता. लोकांचा गैरसमज होतो हे पाहून पोप सहावे पॉल यांनी १९६७ मध्ये दिवस आणि वर्षे मोजण्याची ती पद्धत बंदच केली.

समोरचा कोणत्या पंथाचा आहे ते विचारा

‘प्रोटेस्टंट’ हे एक मत नाही. लूथरन, रिफॉर्म्ड (सुधारक कॅल्व्हिनच्या परंपरेतील), अँग्लिकन आणि पेंटेकॉस्टल माणसाच्या हरकती वेगवेगळ्या असतात. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा लूथर स्वतः १५१७ च्या ९५ प्रबंधांत शुद्धिस्थान नाकारत नाही. १५१९ च्या लाइपझिग वादातही ते आहे असेच तो म्हणाला, आणि उघड नकार दिला तो १५३० मध्ये. अँग्लिकनांच्या ३९ कलमांतले २२ वे कलम ही शिकवण फेटाळते, तरी सी. एस. लुईससारखा अँग्लिकन लेखक शुद्धिस्थान मानत होता आणि मृतांसाठी प्रार्थना करत होता. तेव्हा "तुम्ही लोक असे मानता" अशी सुरुवात नको. "शुद्धिस्थान म्हटले की तुम्हांला त्यात सर्वांत जास्त काय खटकते?" हा प्रश्न विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. बहुतेक वेळा उत्तर ‘ख्रिस्ताचे रक्त पुरेसे नाही का?’ असेच येईल. त्याकडे खाली सविस्तर येऊ.

दोघांनाही मान्य असलेली तीन वाक्ये

पहिले: स्वर्गात अशुद्ध असे काही प्रवेश करत नाही (प्रकटीकरण २१:२७), आणि पवित्रतेवाचून कोणी प्रभूला पाहणार नाही (इब्री १२:१४). दुसरे: बहुतेक विश्वासणारे मरतात तेव्हा त्यांच्यात राग, हेवा, स्वतःबद्दलचा मोह काही ना काही उरलेला असतो. तिसरे: स्वर्गात पोचल्यावर त्यांच्यात यातले काही नसते. ही तिन्ही खरी असतील तर मरणाचा क्षण आणि स्वर्गातले जीवन यांच्यामध्ये काहीतरी घडतेच. त्या घडण्यालाच कॅथलिक शुद्धिस्थान म्हणतात.

रिफॉर्म्ड मित्राशी बोलत असाल तर वेस्टमिन्स्टरच्या लहान धर्मप्रश्नोत्तरीतला ३७ वा प्रश्न माहीत असू द्या. विश्वासणाऱ्यांचे आत्मे मरणसमयी पवित्रतेत परिपूर्ण केले जातात आणि लगेच गौरवात जातात, असे तिथे आहे. म्हणजे शेवटचे शुद्धीकरण त्याच्याही शिकवणीत आहे. ते क्षणात होते एवढेच त्याचे म्हणणे. आता वाद आकसून दोन प्रश्नांवर येतो: ते शुद्धीकरण सोसावे लागते का, आणि आपल्या प्रार्थनेचा त्यात उपयोग होतो का. काळाबद्दल भांडू नका. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या आशेवरील विश्वपत्रात लिहिले आहे की शुद्ध करणारी ख्रिस्ताची ही भेट पृथ्वीवरच्या घड्याळाने मोजता येत नाही, आणि जाळणारा व वाचवणारा तो अग्नी म्हणजे स्वतः ख्रिस्त आहे असे काही अलीकडच्या धर्मपंडितांचे मत आहे. हे ऐकून बऱ्याच प्रोटेस्टंटांना आश्चर्य वाटते. त्यांनी ज्वाळांचीच अपेक्षा केलेली असते.

सोसण्याबद्दल मात्र माघार घेऊ नये. यशयाने देवाचे गौरव पाहिले तेव्हा त्याचे ओठ शुद्ध झाले ते वेदीवरचा निखारा लागून (यशया ६:५–७). इब्री १२:१०–११ म्हणते की देव शिस्त लावतो ती आपल्याला त्याच्या पवित्रतेचे वाटेकरी करण्यासाठी, आणि ती त्या वेळी दुःखाचीच वाटते.

या तर्काची मर्यादाही ओळखा. त्यातून शुद्धीकरणाची गरज दिसते; पापाच्या तात्पुरत्या दंडाची (क्षमा झाल्यावरही उरतो त्याची) शिकवण त्यातून आपोआप निघत नाही. ती वेगळी मांडावी लागते.

क्षमा झाल्यावर काय उरते

दावीदाची गोष्ट इथे सर्वांत उपयोगी. संदेष्टा नाथान त्याला म्हणतो, परमेश्वराने तुझे पाप दूर केले आहे, तू मरणार नाहीस. आणि पुढच्याच वाक्यात मुलाच्या मृत्यूची बातमी देतो (२ शमुवेल १२:१३–१४). गणना १४:२०–२३ मध्ये देव इस्राएल लोकांना क्षमा करतो, तरी त्या पिढीला वचनदत्त देश दिसत नाही. क्षमा खरी आहे, तरी काही फेडायचे उरले आहे.

समोरचा म्हणेल, "ही शिक्षा नव्हे, बापाने लावलेली शिस्त आहे." हे आनंदाने मान्य करा. धर्मशिक्षणग्रंथाचा १४७२ वा परिच्छेद हेच सांगतो: हा दंड म्हणजे देवाने बाहेरून घेतलेला सूड नव्हे, तो पापाच्या स्वभावातूनच येतो. एखाद्याने शेजाऱ्याची खोटी बदनामी केली आणि मग मनापासून क्षमा मागितली. देवाने क्षमा केली, शेजाऱ्यानेही केली. तरीही पसरलेली बदनामी दारोदार जाऊन निस्तरायची आहे, आणि जिभेला लागलेली सवय मोडायची आहे. हे काम अर्धे असताना मरण आले, तर बापाची शिस्त तिथेच थांबते असे कोणते वचन सांगते? हा प्रश्न विचारून थांबा. उत्तरासाठी घाई करू नका.

करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय ३

दोघांच्याही बायबलमध्ये असलेला सर्वांत बळकट उतारा हाच. त्यासाठी वेळ राखून ठेवा आणि १० ते १५ ही सर्व वचने मोठ्याने वाचा. एकटे १५ वे वचन तोडून दाखवले तर विश्वास बसत नाही. पाया ख्रिस्त आहे. त्यावर कोणी सोने, रुपे, मोलवान पाषाण वापरून बांधतो, कोणी लाकूड, गवत, पेंढा वापरून. तो दिवस प्रत्येकाचे काम अग्नीने पारखतो. ज्याचे काम टिकते त्याला वेतन मिळते. ज्याचे जळते त्याचे नुकसान होते. तो स्वतः तारला जातो, पण अग्नीतून निघाल्यासारखा.

इथे तीन हरकती येतात. पहिली, हे फक्त अपुल्लोससारख्या, शुभवर्तमान सांगणाऱ्या सेवकांबद्दल आहे. मूळ संदर्भ सेवकांचाच आहे, हे कबूल करा. पण ख्रिस्ताच्या पायावर बांधणाऱ्या सेवकाची पारख होते तर बाकीच्यांची होत नाही असे म्हणता येत नाही. २ करिंथ ५:१० नुसार ख्रिस्ताच्या न्यायासनासमोर सर्वांनाच उभे राहायचे आहे. दुसरी, जळते ते काम, माणूस नव्हे. खरे आहे, पण नुकसान माणसाचे होते आणि अग्नीतून निघतो तोही माणूसच. ‘नुकसान होईल’ यासाठी वापरलेल्या ग्रीक क्रियापदात दंड भोगण्याचाही अर्थ आहे. शिवाय माणसाची वाईट कामे त्याच्या अंगावरच्या कपड्यांसारखी सुटी नसतात. जो पेंढ्याने बांधत आला तो आतूनही तसाच घडत आला. तिसरी हरकत सर्वांत रास्त: ‘तो दिवस’ म्हणजे शेवटचा न्याय, मरणानंतरची दीर्घ अवस्था नव्हे. पौलाच्या लेखनात हा शब्द बहुधा ख्रिस्ताच्या येण्याच्या दिवसाबद्दल असतो, म्हणून इथे हट्ट धरू नका. एवढेच म्हणा: या जीवनानंतर, तारण झालेल्या माणसाला, देवाच्या न्यायापुढे वेदना देणारी पारख सोसावी लागते, हे तत्त्व पौल इथे मान्य करतो. प्रत्येक माणसाचा न्याय मरणानंतर होतोच (इब्री ९:२७), आणि ते तत्त्व तिथेही लागू पडते. उताऱ्यातून यापेक्षा जास्त काढायला गेलात तर हातातले बळही जाते.

ख्रिस्ताचे रक्त पुरेसे नाही का?

हीच खरी हरकत आहे. ती टाळून पुढे गेलात तर बाकी सगळी वचने वाया जातात. उत्तर एका शब्दात द्या: पुरेसे आहे. शुद्धिस्थान त्या रक्तात भर घालत नाही. त्या रक्ताचे काम आपल्यात पुरे होण्याला ते नाव आहे. तिथे कोणी स्वतःच्या बळावर स्वर्ग कमावत नाही. शुद्ध करणारा ख्रिस्त, ज्या कृपेने शुद्धी होते ती त्याची, आणि जो शुद्ध होतो तो आधीच त्याचा झालेला असतो. फिलिप्पै १:६ इथे वाचा: ज्याने तुमच्यात चांगले काम सुरू केले तो ते ख्रिस्त येशूच्या दिवसापर्यंत सिद्धीस नेईल.

"पूर्ण झाले आहे" (योहान १९:३०) हे वचन पुढे केले तर एक साधा प्रश्न विचारा: क्रुसावर सर्व पूर्ण झाले, तर विश्वास ठेवल्यावरही आयुष्यभर पवित्रीकरण का चालते? खंडणी पूर्ण भरली गेली, पण ती प्रत्येकाच्या जीवनात उतरणे चालू आहे, असेच उत्तर प्रोटेस्टंटही देईल. कॅथलिकचेही म्हणणे तेच आहे. इब्री १०:१४ मध्ये दोन्ही बाजू एका वाक्यात आहेत: एकाच अर्पणाने कायमचे परिपूर्ण केले, कोणाला? पवित्र होणाऱ्यांना, आणि मूळ ग्रीकमधले ‘पवित्र होणारे’ हे रूप वर्तमानकाळी आहे. योहानाच्या पहिल्या पत्रातले ‘रक्त सर्व पापांपासून शुद्ध करते’ (१:७) हेही प्रकाशात चालणाऱ्यांबद्दल आहे, आणि दोनच वचनांनंतर पाप कबूल करण्याची अट येते. रोमकरांस ८:१ मध्ये ख्रिस्तात असलेल्यांना दंडाज्ञा नाही असे म्हटले आहे. नाहीच; शुद्धिस्थान ही दंडाज्ञा नव्हे, सुटका झालेल्याचे शुद्धीकरण आहे.

याच्याही खाली आणखी एक मतभेद आहे आणि तो उघड करणे प्रामाणिकपणाचे. सुधारणावादी परंपरेत ख्रिस्ताचे नीतिमत्त्व विश्वासणाऱ्याच्या खात्यावर जमा होते आणि देव त्याला नीतिमान ठरवतो. कॅथलिक शिकवणीत देव ज्याला नीतिमान म्हणतो त्याला आतून तसा घडवतोही. समोरच्याला पहिली मांडणी पूर्ण पटत असेल तर शुद्धिस्थान त्याला अनावश्यकच वाटणार. अशा वेळी शुद्धिस्थानाचा मुद्दा रेटू नका. "आपला वाद खरे तर नीतिमान ठरण्याबद्दल आहे" असे म्हणा आणि तो विषय वेगळ्या बैठकीसाठी ठेवा.

नेहमी पुढे येणारी इतर वचने

क्रुसावरचा चोर (लूक २३:४३): येशूने त्याला आजच सुखलोकात येशील असे सांगितले, मग शुद्धिस्थान कुठे, असे विचारतात. शुद्धिस्थान प्रत्येकाला भोगावेच लागते असे ख्रिस्तसभा म्हणत नाही. त्याने आपली शिक्षा न्याय्य म्हणून स्वीकारली आणि क्रुसावर शेवटपर्यंत सोसली.

‘शरीरापासून दूर म्हणजे प्रभूजवळ’: २ करिंथ ५:८ असे म्हणत नाही. शरीरापासून दूर होऊन प्रभूजवळ राहणे आम्हांला अधिक आवडते, असे ते वचन आहे. पुस्तक उघडून एकत्र वाचा. आठवणीतून सांगू नका.

लूक १६:२६ मधली दरी: लाजराच्या दाखल्यातली ही न ओलांडता येणारी दरी अब्राहामाची कूस आणि यातनेतला श्रीमंत यांच्यामध्ये आहे. नरकातून कोणी सुटते असे कॅथलिकही म्हणत नाही.

आता आपल्याच बाजूची कच्ची वचने. मत्तय १२:३२ मधला ‘येणाऱ्या युगातही क्षमा होणार नाही’ हा शब्दप्रयोग प्राचीन धर्मपंडित ऑगस्टिन आणि पोप ग्रेगरी पहिले यांनी शुद्धिस्थानासाठी वापरला आहे. पण मार्क ३:२९ पाहता तो ‘कधीच नाही’ असे जोर देऊन सांगण्याचा प्रकारही असू शकतो. त्यामुळे तो जोडीला ठेवावा, पाया करू नये. मत्तय ५:२५–२६ मध्ये शेवटची दमडी फेडेपर्यंत तुरुंगातून न सुटण्याचे बोलणे आहे, पण त्याचा संदर्भ भावाशी समेट करण्याचा आहे. १ पेत्र ३:१९ मधले तुरुंगातील आत्मे हा वेगळाच विषय आहे. ते वचन इथे आणूच नका. आपल्या मदतनीस अनेसिफराबद्दलची पौलाची प्रार्थना (२ तीमथ्य १:१६–१८) मृतासाठी असण्याचा संभव आहे, पण तो तेव्हा जिवंत नव्हता असे पत्रात कुठे म्हटलेले नाही. कच्चा पुरावा पक्का म्हणून दिला आणि तो पडला, की पक्क्या पुराव्यावरचाही विश्वास उडतो.

मृतांसाठी प्रार्थना, आणि शेवटी मक्काबी

‘बाराव्या शतकात लावलेला शोध’ हा आक्षेप हमखास येतो. लॅटिनमधले ‘पुर्गातोरियुम’ (शुद्धिस्थान) हे नाम बाराव्या शतकात रुळले, हे इतिहासकारांचे म्हणणे मान्य करा. नाव उशिरा आले म्हणून गोष्ट उशिरा आली असे होत नाही. ‘त्रैक्य’ हा शब्दही बायबलमध्ये नाही. प्रार्थनेकडे पाहा. सुमारे २११ मध्ये ख्रिस्ती लेखक तर्तुलियन मृतांच्या वार्षिक दिवशी अर्पण करण्याची रूढी सांगतो. कार्थेजची पर्पेतुआ २०३ मध्ये हुतात्मा झाली. तिच्या तुरुंगातल्या नोंदींत सात वर्षांचा असताना वारलेल्या भावासाठी, दिनोक्रातेससाठी, केलेली प्रार्थना आहे. यरुशलेमचा बिशप सिरिल चौथ्या शतकात मिस्सामधली मृतांसाठीची विनंती समजावून सांगतो. त्याच शतकात एरियस नावाच्या याजकाने अशी प्रार्थना व्यर्थ म्हटली, तेव्हा बिशप एपिफानियसने त्याला पाखंड्यांच्या यादीत घातले. (ख्रिस्ताचे देवत्व नाकारणारा एरियस तो वेगळा, नावे सारखी ऐकू येतात म्हणून घोटाळा होतो.) कॅल्व्हिननेही या चालीचे प्राचीनत्व नाकारले नाही; जुने लोक रूढीच्या ओघात वाहवले, असे त्याने म्हटले. आता विचारा: मृत स्वर्गात असेल तर प्रार्थना नको, नरकात असेल तर उपयोग नाही, मग प्राचीन चर्च कोणासाठी प्रार्थना करत होते?

इथे मक्काबी आणा, आणि तेही इतिहासाचा साक्षीदार म्हणून. २ मक्काबी १२:३८–४६ मध्ये यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्या सैनिकांसाठी सुमारे २,००० द्राख्मा चांदी गोळा करून पापार्पणासाठी यरुशलेमला पाठवतो. हे पुस्तक प्रेरित मानले नाही तरी ख्रिस्तापूर्वीचे धार्मिक यहुदी मृतांसाठी प्रार्थना करत होते हे त्यातून कळते. येशूने परूश्यांच्या अनेक रूढींवर कोरडे ओढले. या रूढीविरुद्ध त्याचा एक शब्दही शुभवर्तमानांत नाही. ‘ट्रेंटने हे पुस्तक घुसवले’ असे कोणी म्हटले तर ३९३ च्या हिप्पोच्या आणि ३९७ च्या कार्थेजच्या धर्मसभेची बायबलच्या पुस्तकांची यादी सांगा. दोन्हींत मक्काबी आहे. उताऱ्याची एक अडचण समोरचा अभ्यासू असेल तर काढणारच: त्या सैनिकांच्या अंगरख्याखाली मूर्तींची ताईते सापडली होती, म्हणजे ते गंभीर पापात मेले. मेलेल्यांच्या मनात शेवटच्या क्षणी काय होते ते यहूदाला माहीत नव्हते. ४५ वे वचन भक्तीत निजलेल्यांसाठी राखलेल्या प्रतिफळाबद्दल बोलते, आणि त्याच आशेने त्याने अर्पण पाठवले. उतारा त्या सैनिकांच्या तारणाची ग्वाही देत नाही, प्रार्थनेच्या चालीची देतो.

पैशांचा विषय निघाला तर सारवासारव नको. दंडमाफीच्या नावावर पैसा गोळा झाला, तो अपराध होता. ट्रेंटने १५६२ मध्ये पैसे गोळा करणाऱ्यांचे ते पदच रद्द केले आणि १५६३ च्या शुद्धिस्थानाच्या आदेशातच कुतूहल, अंधश्रद्धा आणि घाणेरडा नफा यांना मनाई करण्याची आज्ञा बिशपांना दिली.

समोरच्याच्या घरात नुकतेच कोणी वारले असेल तर यातले काहीच काढू नका. त्याने स्वतःहून विचारले, तर ऑगस्टिनची आई मोनिका हिचे मागणे सांगा. ३८७ मध्ये ओस्तिया येथे मरताना तिने ऑगस्टिनला सांगितले होते: हे शरीर कुठेही पुरा, त्याची काळजी करू नका, फक्त तुम्ही कुठेही असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा.